आप्पांचं कोरडं धोतर

मी लाकडी होडी बांधायला शिकलोय असं सांगितलं की लोक विचारतात, "कुठं? कोकणात का?" मी म्हणतो, "नाही, धाराशिव जिल्ह्यात." मग ते हसतात. त्यांचं काही चुकत नाही. आमच्या लोहाऱ्यात उन्हाळ्याचे तीन महिने नळाला नुसती हवा येते आणि टँकरच्या मागं घागरी पळतात. अशा मुलखात होडी करणारा माणूस म्हणजे वाळवंटात छत्र्या विकणारा, असंच कुणालाही वाटणार. मीही त्यांच्याबरोबर हसून घेतो. हसण्यात माझा हात कुणी धरत नाही. पण हसून झालं की मला एक पांढरं धोतर आठवतं, आणि मग मी विषय बदलतो.

ते धोतर शिद्रामआप्पांचं. आज विषय न बदलता सांगायचं ठरवलंय.

मी शाळेत कार्यानुभव शिकवतो. म्हणजे मुलांना हातानं काम करायला शिकवतो, असं वेळापत्रकात लिहिलेलं आहे. एका वर्षी वरून फर्मान आलं, की कार्यानुभवाच्या शिक्षकांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत सहा आठवडे एखाद्या पारंपरिक कारागिराच्या हाताखाली प्रत्यक्ष काम शिकावं, रोजचे फोटो अपलोड करावेत आणि शेवटी कारागिराच्या सहीचं प्रमाणपत्र जोडावं. ह्या प्रकाराला इंटर्नशिप म्हणायचं. बाकीच्या शिक्षकांनी घराजवळचे कुंभार, बुरूड आधीच पटकावले. मी नेहमीप्रमाणं उशिरा गेलो, तेव्हा यादीत एकच ओळ उरली होती, 'लाकडी होडी बांधणी', आणि पुढं नळदुर्गजवळच्या धरणाकाठच्या एका गावाचं नाव. मी मनात म्हटलं, बरं झालं. पाण्याकाठी वारा असेल, झाडाखाली सावली असेल, आणि तपासायला एवढ्या लांब कोण मरायला येतंय! चव्वेचाळिसाव्या वर्षी माझ्या ज्ञानलालसेची उंची ही एवढी होती.

पहिल्या दिवशी मी नवा एप्रन, डोळ्यांना लावायचा प्लास्टिकचा चष्मा, मोजायचा टेप आणि दोनशे पानांची वही घेऊन हजर झालो. लिंबाखाली एक सत्तरीचा माणूस बसला होता. कपाळाला विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, कमरेला गुडघ्यापर्यंत खोचलेलं मळकं धोतर. हातात वाकस, म्हणजे आडव्या पात्याची आखूड दांड्याची कुऱ्हाड. समोरच्या फळीचे पापुद्रे असे निघत होते, की बाई काकडी सोलतीय असं वाटावं.

"शाळंत काय शिकिवता, मास्तर?" वाकस न थांबवता त्यांनी विचारलं.

"कार्यानुभव."

"म्हंजी?"

"म्हणजे... हातानं काम करायला."

त्यांनी डाव्या हातानं माझा पंजा ओढून घेतला आणि बाजारात वांगं दाबून बघतात तसा दाबून बघितला. उजव्या हातातलं वाकस चालूच.

"हात कुणाचं घिऊन आलाव?" ते म्हणाले.

आप्पांचं वाकस कुणासाठी थांबत नसे. सरपंच आले तरी नाही, पाऊस आला तरी नाही. बोलणं, तंबाखू मळणं, शिव्या देणं, सगळं वाकस चालवत. फक्त दुपारच्या आधी लिंगपूजेला बसताना ते वाकस खाली ठेवत, तेही पालथं न घालता, धार आभाळाकडं करून. माझ्यासाठी ते कधीतरी खाली ठेवलं जाईल असं मला तेव्हा कुणी सांगितलं असतं, तर मी तो मान समजलो असतो.

आप्पांचं घर सीमेवरचं, त्यामुळं बोलण्यात कानडी मिसळलेली. 'निधान' म्हणजे सावकाश, हा त्यांचा लाडका शब्द. दिवसातून पन्नासदा. मी रंधा धरला की "निधान, मास्तर", मी चहा प्यायलो की "निधान, तोंड पोळंल", मी वहीत लिहायला लागलो की "निधान, कागद फाटंल". बाकी कौतुकाचा शब्द त्यांच्याकडं नव्हता. काम चांगलं झालं तर ते 'साकु' म्हणत. म्हणजे पुरे. सहा आठवड्यांत मला ते 'साकु' दोनदा मिळालं, त्यातलं एकदा मी जेवताना.

सगळी हयात ह्या माणसानं मासेमारीच्या होड्या केल्या आणि मासा कधी तोंडात घातला नाही. गिऱ्हाईक माशांचं टोपलं घेऊन आलं की ते आधी वारा कुठनं येतोय ते बघत आणि "तितं, खालच्या अंगाला ठिव" म्हणत. आणि दुसरी गोष्ट मला तिसऱ्या दिवशी कळली. आप्पांना पोहता येत नव्हतं. तीसेक होड्या पाण्यात सोडणारा माणूस गुडघाभर पाण्यापलीकडं कधी गेला नव्हता. मी न राहवून विचारलं, "आप्पा, आयुष्य पाण्याकाठी गेलं, पोहायला कसं शिकला नाहीत?"

"पवाया आलं असतं, तर होडी येवढी नीट कशाला केली असती?" ते म्हणाले.

मी हे वाक्य वहीत लिहून घेतलं. लिहून घेण्यात मी आधीपासून हुशार.

पहिला आठवडा मला हत्याराला हात लावू दिला नाही. रोज सकाळी आम्ही बांधाबांधानं बाभळी बघत हिंडायचो. होडीच्या बरगड्या सरळ लाकूड कापून वाकड्या केल्या तर दोन पावसाळ्यांत मोडतात; मुळातच तशी वाकलेली फांदी लागते. आप्पा एखाद्या बाभळीसमोर उभे राहून मान तिरकी करत आणि म्हणत, "ही बगा बरगडी. आजून चार वरसं लागतील." मग त्या फांदीला ते पांढऱ्या कापडाची चिंधी बांधत. शेताचा मालक समजायचा, की ही फांदी आप्पांची. सरपणाला कितीही नड असली तरी चिंधीच्या फांदीवर कुणी कुऱ्हाड घालत नसे.

ही चिंधी साधी नव्हती. तिथली रीत अशी, की नवी होडी पाण्यात उतरली की तिच्यात पहिल्यांदा गिऱ्हाईक बसत नाही. बांधणारा बसतो. तेही पांढरं स्वच्छ धोतर नेसून, फळीवर नाही, थेट तळाला बूड टेकून. तळ्यात मोठा फेरा मारायचा, काठाला यायचं, उतरायचं आणि लोकांकडं पाठ करून सदऱ्याचं टोक उचलायचं. धोतर कोरडं असलं तर काठावरची माणसं एका आवाजात ओरडतात, "कोरडंऽऽ!" मग ते धोतर फाडून त्याच्या चिंध्या करायच्या आणि पुढच्या होडीच्या झाडांना बांधायच्या. ओलं निघालं तर चिंध्या नाहीत. चिंध्या नाहीत तर पुढची होडी नाही. आप्पांच्या वडिलांपासून चालत आलेली रीत. आणि आप्पांचं धोतर एकदाही ओलं निघालं नव्हतं. त्या काठावर आप्पांची सगळी अब्रू बसायच्या जागेला होती, असं मी तेव्हा घरी फोनवर सांगितलं आणि बायकोला खूप हसवलं.

आमची होडी गिरजाबाईसाठी होती. गिरजाबाई म्हणजे चाळिशीची विधवा बाई, नवऱ्यामागं स्वतः जाळं टाकून मासे धरणारी आणि नळदुर्गच्या स्टँडवर विकणारी. जिभेला धार अशी, की आप्पांना वाकस तिच्यावर घासता आलं असतं. मी डोळ्यांना चष्मा लावून रंधा मारत होतो तेव्हा ती आली आणि म्हणाली, "आप्पा, ह्ये गुर्जी वेल्डिंग कराया आल्यात का?" चष्मा त्याच दिवशी पिशवीत गेला.

दुसऱ्या आठवड्यात मी माझ्या टेपनं होडीचा सांगाडा मोजला आणि मला हर्ष झाला. उजवी बाजू डावीपेक्षा तीन बोटं जास्त फुगलेली होती! मी जरा खाकरून, नम्रतेचा आव आणून म्हटलं, "आप्पा, एक लहानशी चूक दिसतेय." आप्पांनी टेपकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि हाक मारली, "गिरजे, जाळं वढून दाव गं मास्तरला."

गिरजाबाई जमिनीवर बसली आणि हवेतलं जाळं ओढायला लागली. डावखुरी होती. ओढताना तिचा सगळा भार उजव्या कुशीवर येत होता.

"तिच्या अंगाला हितं जागा लागती," आप्पा म्हणाले. "तुमच्या टेपात गिरजा हाय का?"

मी टेप गुंडाळला. तो आपोआप आत जातो आणि शेवटी 'टक्' असा आवाज करतो. त्या दिवशी तो फार मोठ्यानं झाला.

तिसऱ्या आठवड्यात मी डांबराच्या डब्यावर बसलो. झाकण आहे असं वाटलं. ती साय होती. माझी पँट तिथंच कापून काढावी लागली आणि आप्पांनी मला त्यांचं जुनं धोतर दिलं, जे नेसणं मला येईना. गावातली निम्मी माणसं बघायला आली. आप्पा वाकस चालवत म्हणाले, "भिऊ नका मास्तर. आता तुमच्यात पानी शिरत न्हाय." हसले नाहीत, पण खांदे हलत होते. त्या दिवशी मला ह्या माणसाबद्दल जे वाटलं, ते मी वहीत लिहिलं नाही. असं वाटलं, की ह्यांच्यासमोर आपण कितीही गाढवपणा केला तरी चालेल.

तसं वाटलं होतं हे मुद्दाम सांगतोय. म्हणजे पुढचं मी भीतीपोटी केलं, असं म्हणायची मला सोय राहत नाही.

आप्पांचा एक नियम फार कडक होता. फळीत खिळा ठोकायच्या आधी सामत्यानं भोक पाडायचं. सामता म्हणजे दोरी ओढून फिरवायचं लाकडी गिरमीट. दोरी एका लयीत ओढली नाही तर ते थयथयाट करतं आणि बोटांची सालं काढतं. एका भोकाला माझी दहा मिनिटं जात. पाचव्या आठवड्यात तळाच्या फळ्या बसत होत्या. आप्पा पूजेला उठले. मला त्या दिवशी 'खिळे ठोकताना' असा फोटो अपलोड करायचा होता. मोबाईल फांदीला टेकवला, टायमर लावला, आणि फोटोत सामत्याची कुस्ती दिसू नये म्हणून एक खिळा सरळ हातोडीनं हाणला.

'चर्र' असा आवाज झाला. मागच्या बाजूच्या तळफळीला वीतभर चीर गेली. केसासारखी बारीक.

फोटो उत्तम आला.

आता हे सांगायला हवं होतं, एवढं कळायला मास्तर असण्याची गरज नाही. शाळेत स्टूल मोडलं की मी चाळीस पोरांना उभं करून विचारतो, "कुणी केलं? खरं सांगेल त्याला शिक्षा नाही." हे वाक्य मी वीस वर्षं म्हणत आलोय. आणि मी काय केलं? शाळेत मोडक्या स्टुलाला करतो तेच. लाकडाचा भुसा घेतला, पिशवीतला पांढरा गोंद काढला, दोन्ही मळून चिरेत भरलं, अंगठ्यानं घासलं आणि वरून डांबराचा हात फिरवला. स्टुलाला हे चालतं. स्टूल पाण्यात जात नाही. पूजा आटपून आप्पा आले तेव्हा मी सामता हातात घेऊन पुढचं भोक पाडत होतो, लयीत.

"साकु," आप्पा म्हणाले. मला दुसऱ्यांदा मिळालेलं ते हेच.

होडी झाली की ती पाण्यात सोडायच्या आधी तिच्यातच पाणी भरून तीन दिवस ठेवतात. लाकूड फुगतं, फटी आवळतात. नेमके तेव्हा आप्पा भाचीच्या लग्नाला कर्नाटकात गेले आणि राखण माझ्यावर आली. दुसऱ्या दिवशी सकाळी होडीच्या बुडाखाली जमीन ओली दिसली. मी वाकून बघितलं. माझ्या चिरेतून दुधासारखं पांढरट पाणी थेंब थेंब गळत होतं. अजूनही वेळ होता. आप्पा यायला दोन दिवस होते, फळी बदलायला फार तर एक लागला असता. मी तो थेंब बोटानं पुसला, बाहेरून डांबराचा जाड लपका मारला, आणि ओली माती पायानं उकरून कोरडी माती वर पसरली. थेंब थांबला. मला स्वतःच्या हुशारीचं कौतुकही वाटलं, हे लिहिताना कान गरम होतात.

आप्पा आले. होडी रिकामी केली, पालथी घातली आणि तिच्यावरनं तळवा फिरवत चालले. गाईच्या पाठीवरनं फिरवतात तसा. मागच्या बाजूला हात थांबला.

"मास्तर, हितं डांबार लई झालंय."

"हो, जरा सढळ हातानं लागलं."

"सढळ," आप्पा म्हणाले. हात तिथंच. मग त्यांनी बोट नाकाशी नेलं. "काय सांगायचं हाय का?"

"नाही आप्पा."

"बरं."

तो 'बरं' मी सुटकेचा समजलो.

उतरवायच्या दिवशी काठावर शंभर-सव्वाशे माणूस होतं. आप्पांनी नवं पांढरं धोतर नेसलं होतं. नारळ फुटला. होडी पाण्याच्या कडेला आली. मी मोबाईलवर व्हिडिओ घेत होतो, शेवटच्या अपलोडसाठी. ढकलायला चारजण वाकले, तेव्हा आप्पांनी हात वर केला आणि माझ्याकडं वळले.

"ढकलू का, मास्तर?"

मला वाटलं, मान देतायत. "ढकला की!"

"ढकलू म्हंता?"

"ढकला आप्पा!"

होडी खड्यांवरून घासत पाण्यात गेली. तळाला घर्र वाजलं. माझा लपका नेमका तिथंच होता. आप्पा चढले. नेहमी ते मधोमध बसत, असं लोकांनी मला सांगितलं होतं. ते मधे बसले नाहीत. मागं गेले, वाकले, फळी हातानं चाचपली आणि त्याच जागेवर बूड टेकून बसले. पोहता न येणारा माणूस. गिरजाबाई वल्हं घेऊन पुढं. फेरा अर्धाही झाला नव्हता, तेवढ्यात गिरजाबाईनं मागं वळून काहीतरी म्हटलं आणि होडी फिरवली.

आप्पा उतरले. त्यांनी लोकांकडं पाठ केली आणि सदऱ्याचं टोक उचललं. धोतराला मागं परातीएवढा ओला, काळपट डाग पडला होता.

ओरडायला तोंडं उघडून बसलेली माणसं तशीच राहिली. मग मागनं कुणीतरी म्हणालं, "वय झालं आता आप्पाचं." कुणी खुसखुसलं. आप्पा वळले आणि शांतपणानं म्हणाले, "हात चुकला माजा. डोळ्याला दिसंना झालंय."

मी त्यांच्यापासून चार हातांवर होतो. त्यांचे डोळे तीनशे पावलांवरच्या बाभळीतली बरगडी ओळखत, हे मला माहीत होतं. माझ्या हातात मोबाईल होता आणि तो अजून चालू होता. तोंड उघडायला एवढंसं काही लागत नव्हतं. मी मोबाईल बंद केला.

चार दिवसांनी माझी इंटर्नशिप संपली. आप्पा एकटेच होडीचा माझा हात लागलेला सगळा तळ काढून नवा घालत होते. आठ दिवसांचं काम. मी 'मदतीला थांबतो' म्हणालो नाही, 'गाडी आहे' म्हणालो. प्रमाणपत्रावर 'प्रशिक्षणार्थीच्या कामाचा दर्जा' असा रकाना होता. आप्पा म्हणाले, "काय ल्ह्यायचं ते ल्ह्या, म्या सही करतो." मी 'उत्कृष्ट' असं लिहिलं. आप्पांनी कानडी वळणाची सही केली. निधान, एकेक अक्षर. शाळेनं ते प्रमाणपत्र फ्रेम करून कार्यानुभवाच्या खोलीत लावलंय. पोरं मोडकी स्टुलं घेऊन येतात तेव्हा ते बरोबर माझ्या डोक्यावर असतं.

दिवाळीनंतर नळदुर्गच्या स्टँडवर गिरजाबाई भेटली. टोपलं संपवून बसची वाट बघत होती. मी होडीची चौकशी केली.

"होडी झ्याक हाय," ती म्हणाली. "आप्पानं तळ नवा घालून दिला. पर तीच शेवटची. आमच्यातल्याच, मासं धरनाऱ्या तुकारामानं आन् त्याच्या भावानं पत्र्याच्या आनल्या. म्हनले, आप्पाचा हात गेला."

मी 'अरेरे' असं काहीतरी म्हटलं. तिनं माझ्याकडं रोखून बघितलं.

"गुर्जी, आप्पाला ठाव हुतं."

"काय?"

"गोंदाचा वास आला हुता त्यास्नी. म्या म्हनलं, आप्पा, गुपचूप फळी काडा, कुनाला कळतंय! तर म्हनले, आगं मास्तर हाय त्यो, पोरांस्नी शिकिवतो. सांगंल. आज न्हाय तर उद्या सांगंल. धोतार नेसताना बी म्हनले, आजून सांगंल." बस आली. तिनं टोपलं उचललं. "म्या म्हनलं हुतं, न्हाय सांगायचा. म्या जितली."

पुढच्या रविवारी मी गेलो. वाटेत बांधावरच्या बाभळींवर जुन्या चिंध्या होत्या, उन्हानं पिवळ्या पडलेल्या. दोन फांद्या कुणीतरी तोडून नेल्या होत्या.

आप्पा लिंबाखाली बैलगाडीचं जू तासत होते. "या मास्तर," म्हणाले. तब्येत विचारली, पोरांचं विचारलं. मी सगळ्याला उत्तरं दिली. मग म्हटलं, "आप्पा, एक सांगायचं होतं."

त्यांनी वाकस खाली ठेवलं. धार आभाळाकडं करून.

मी वाटभर पाठ करत आलेलं भाषण विसरलो. खिळा, चीर, भुसा, गोंद, थेंब, उकरलेली माती, सगळं उलटसुलट सांगितलं. आप्पा ऐकत होते.

"ह्ये मला सांगून काय उपेग?" आप्पा म्हणाले. "मला ठावंच हुतं. वलं धोतार म्या एकट्यानं बगितलं का?"

ते उठले आणि काठाकडं चालायला लागले. मी मागं. काठावर पंधरा-वीस माणसं जाळी विणत, सुकवत बसली होती. तुकारामही होता. त्याची पत्र्याची होडी उन्हात चकाकत होती.

"गिरजे," आप्पांनी हाक मारली, "बोलीव समद्यांस्नी. मास्तर कायतरी सांगनार हायती."

मी सांगितलं. माझ्याच आवाजात, उभं राहून, शाळेत पोरं सांगतात तसं, खाली बघत. लोक शिव्या देतील अशी मी तयारी केली होती. कुणी शिव्या दिल्या नाहीत. एक म्हातारा म्हणाला, "व्हय का?" तुकाराम पत्र्याच्या होडीकडं बघत म्हणाला, "आदी बोलला असता, तर आमी ही आनली नसती गुर्जी." आणि त्यानं पुन्हा जाळ्याची गाठ हातात घेतली. बस, एवढंच. मला जे सहा महिने डोंगराएवढं वाटत होतं ते सांगायला पाच मिनिटं लागली, आणि त्या पाच मिनिटांनी तुकारामाची होडी काही लाकडाची झाली नाही.

आप्पांनी सगळ्यांकडं एकदा बघून घेतलं. मग हळूच वळले. लोकांकडं पाठ करून उभे राहिले आणि सदऱ्याचं मागचं टोक उचललं. मळकं, रोजचं धोतर. जुवाचा भुसा लागलेलं.

काठावर कुणी हललं नाही. मग मागून गिरजाबाईचा खणखणीत आवाज आला, एकटीचा.

"कोरडंऽऽ!"

आप्पांनी मागं वळून बघितलं नाही. सदऱ्याचं टोक तसंच हातात धरून ते लिंबाकडं चालत गेले. निधान, एकेक पाऊल टाकत.